डेनिस अंकल आणि जुनी फाईल

गॅरेजमध्ये किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. साबणाने हाताचं ग्रीस जातं, किस्से तेवढे चिकटून राहतात. मालाडच्या गावठाणात माझं छोटं गॅरेज आहे आणि मी गाड्यांना चिप लावून देतो. लोक चिप म्हणतात, पण खरं तर केबल जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन फाईल टाकायची, की गाडीचा जोर वाढतो. कंपनीची जुनी फाईल आधी लॅपटॉपवर जपून ठेवायची. बाकी खरं मेकॅनिकचं काम मला शिकवलं ते शेजारच्या गल्लीतल्या डेनिस अंकलनी. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते गाडीचं दुखणं सांगायचे. बरीच वर्षं आम्ही दोघं याच गॅरेजमध्ये एकत्र काम करत होतो.

*

पार्ल्याचे एक निवृत्त साहेब होते. त्यांच्या मुलाने हौसेने चिप बसवून घेतली. आठव्या दिवशी साहेब स्वतः आले आणि म्हणाले, काढून टाका. सोसायटीच्या चढावर गाडी अशी झेप घेते, की बायको मागे डोळे मिटून रामरक्षा म्हणते! मी जुनी फाईल परत टाकून दिली.

महिन्याने त्यांचा फोन आला. "परत बसवा हो. रामरक्षा बंद झाली, आता ती रस्ताभर माझ्याशी बोलते."

*

घाटकोपरच्या एका पोराने लग्नासाठी चिप लावली. वरातीत गाडी स्वतःच चालवणार होता. बँजोच्या मागे दोन तास गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगली, इंजिन तापून बंद पडलं आणि नवरानवरीसकट ती वऱ्हाडाने ढकलत नेली. अंकलना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "ढकलणाऱ्यांना चिप लावायची होतीस."

*

मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाच्या वेळी मी घोळ केला. लॅपटॉपवर दोन्ही फाईली शेजारी-शेजारी होत्या, आणि नवीन टाकायच्या ऐवजी मी जुनीच परत टाकली. म्हणजे गाडी आली तशीच गेली. संध्याकाळी त्याचा फोन. "काय झकास काम केलंस यार, गाडी उडतेय!"

मला लाज वाटली. फुकट चेकअपच्या नावाखाली त्याला बोलावलं आणि गुपचूप खरी फाईल टाकली. दुसऱ्या दिवशी तो तणतणत हजर. "वाट लावलीस ना गाडीची? आधीचंच सेटिंग टाक."

अंकलनी हा किस्सा चहाच्या टपरीवर निदान पन्नास वेळा सांगितला. लोक हसायचे, मीही हसायचो. पण आत कुठेतरी ते लागलं होतं. आता वाटतं, त्यात लागण्यासारखं काय होतं?

*

मग बोरिवलीची ती गाडी आली. मी केबल जोडणार, तेवढ्यात अंकल म्हणाले की एक चक्कर मारून येतो. आले आणि म्हणाले, "हिचा क्लच दमलाय. आधी तो बदल, मग जोर वाढव."

मी स्कॅनर लावला. त्यात काहीच दिसलं नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आत आलं आणि त्याच्यासमोर मी बोलून गेलो, "अंकल, तुमच्या कानाचे दिवस गेले." गिऱ्हाईक हसलं. अंकल नाही हसले. मी क्लच तसाच ठेवून नवीन फाईल टाकली.

तिसऱ्या दिवशी भर फ्लायओव्हरवर त्या गाडीचा क्लच गेला. गाडीत गिऱ्हाइकाची आई होती, मागे हॉर्नचा गोंधळ. टो करून गाडी आणली आणि तो माझ्यावर बरसला. मी तोंड उघडायच्या आत अंकल पुढे झाले. "माझ्याकडून बघायचं राहिलं," ते म्हणाले. दिवसभर गाडीखाली झोपून त्यांनी क्लच बदलला. गिऱ्हाईक जाता जाता त्यांना म्हणालं, "आता घरी बसा." मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

सोमवारी अंकल आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. गुडघे दुखतात, असा निरोप आला. मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत किती वेळा गेलो आणि परतलो, ते माझं मलाच माहीत.

*

गेल्या महिन्यात अंकल आले, स्वतःची जुनी गाडी घेऊन. कार्ब्युरेटरवाली. याच गाडीवर त्यांनी मला कार्ब्युरेटर खोलायला शिकवलं होतं.

बॉनेट उघडून म्हणाले, "चिप लाव."

त्या गाडीत कॉम्प्युटरच नाही. ते त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक. मी लॅपटॉप आणून मडगार्डवर ठेवला. ते शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून, माझ्याकडे बघत. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवसाबद्दल बोलायचं ते तोंडाशी आलं होतं. मी दहा मिनिटं उगाच बटणं दाबत बसलो आणि शेवटी म्हणालो, "झालं, अंकल."

ते चर्चपर्यंत चक्कर मारून आले. इंजिन बंद केलं नाही. मी खिडकीशी जाऊन विचारलं, "मग? सोमवारपासून येताय ना?"

त्यांनी गिअर टाकला. "परत जुनीच फाईल टाकलीस रे," म्हणाले, आणि गेले.