घेऊ नये ते नाव

“बुढीले नवऱ्याचं नाव घेता येत नाई, आन् नेट चालवाले निंगाली!”

मोबाईलच्या दुकानात सगळे हसले. हिवरखेडचा भरला बाजार. मी काउंटर धरून उभी. हातात लेकीनं सुरतेहून पाठवलेला जुना फोन. त्या फोनात माझ्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज होता आणि तो मला सापडत नव्हता.

मला वाचता येत नाही. त्यांनाही येत नव्हतं. म्हणून आम्ही एकमेकांना आवाजच पाठवायचो. ते मालकाच्या पराटीवर, कपाशीवर, औषध फवारायला, मी दुसऱ्याच्या वावरात निंदायला. त्या दिवशीही त्यांचा आवाज आला. “अवं, मयमय करून राह्यली. पानी घेऊन ये.” मळमळतंय, एवढं ऐकलं आणि कळशी घेऊन धावत सुटले. पुढचं ऐकायचं राहिलं. पोचले तेव्हा ते धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आडवे, तोंडाला फेस. पाणी पाजायचंही राहिलं.

तेव्हापासून कळशी भरायला घेतली की कानात तेच. पानी घेऊन ये. पुढं काय म्हणाले असतील? त्यातच माझा जीव अडकला होता. फोनात सांत्वनाच्या फुलांचे, देवांचे फोटो येत गेले आणि त्यांचा आवाज खाली कुठं तरी बुडाला. मालकानं तर गावात सांगून टाकलं होतं, पिऊन फवारत होता, तेव्हाच विष चढलं म्हणून. रिद्धपूरला महानुभाव पंथाचा उपदेश घेतल्यापासून या माणसानं दारूला बोट लावलं नव्हतं. तरी गावानं मालकाचंच खरं मानलं.

दुकानदार म्हणाला, “मावशी, या माईकवर बोट ठेवा न् त्याईचं नाव बोला. आपोआप निंगते.”

नाव! आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं आईनं शिकवलेलं. ओठ हलले, आवाज फुटेना. त्यावरच ते वाक्य आलं. बोलणारा मालकाचा मुलगा. तो तिथं आपल्या फोनला काच बसवून घेत होता. हसून झाल्यावर त्यानं हात पुढं केला.

“आना इकडं. साफसूफ करून देतो. म्हाताऱ्या मानसाले काहाले पायजे हे?”

फोन त्यानं धरलासुद्धा. मी सोडला नाही. काय साफ करणार होता हा? बाकीचे माझ्याकडे बघून हसत होते. याची नजर फोनवर. मेलेल्या माणसाचं आयुष्य आता आणखी काय घटणार?

“किसन,” मी म्हणाले. आवाज चिरकला. फोन हिसकून घेतला, माईकवर बोट ठेवून परत म्हणाले. “किसन!”

त्यांचं नाव वर आलं, दुकानदारानं शेवटच्या आवाजावर बोट दाबलं आणि ते बोलले. भर दुकानात.

“अवं, मयमय करून राह्यली. पानी घेऊन ये. मालकाले म्हनलं घरी जातो, त मालक म्हने, एवढं वावर उरकल्याबिगर पंप खाली ठेवू नको. डोयाले दिसून नाई राह्यलं वं. तू लवकर ये.”

मालकाचा मुलगा काच न बसवताच निघून गेला.

तू लवकर ये. आता हे मरेपर्यंत माझा पिच्छा सोडणार नाही. नकोच सोडू दे.

आमच्या गावात मजूर बाई आणखी एक नाव घेत नाही. मालकाचं. नुसतं मालक म्हणायचं आणि मान खाली घालायची. उद्या मी पोलीस ठाण्यात जाते आहे. आधी हा आवाज लावीन. मग साहेबासमोर ते नावही घेईन, बापाच्या नावासकट, आडनावासकट.