धुतलेली मोटार

ती घटना आठवली की आजही माझे हात गार पडतात. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार म्हणून निवृत्त झाले खरी, पण तेव्हा साधी हवालदार होते. आमच्या ठाण्यात बाई म्हणून मी एकटीच, त्यामुळे बायकांचे जबाब घ्यायचे असले की मला पुढं करायचे. शिक्षण बेताचं. कायदा मी ठाण्यातच ऐकून ऐकून शिकले.

पौषातली सकाळ होती. वर्दी आली की चाकणच्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे एक गवळी मरून पडलाय. जाऊन पाहते तर सायकल वाकडी झालेली, दुधाचे कॅन फुटलेले आणि सगळा रस्ता पांढरा. गवळी मात्र रस्त्यावर नव्हता. बांधाच्या उतारावर, नदीकडं तोंड करून पालथा पडला होता. सरपटत गेल्याच्या खुणा गवतावर स्पष्ट होत्या. पंचनाम्यात आम्ही त्या लिहिल्या, पण तो नदीकडं का निघाला असेल, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माग दिला भोसरीच्या चहावाल्यानं. आमच्या साहेबांना म्हणाला, "फौजदारसाहेब, दिस उगवायच्या आत एक काळी मोटार गेली बघा. आमी असल्या गारठ्यात तोंड धूत न्हाई, आन ती पार न्हाऊन निथळत चालली हुती!"

त्या काळात आमच्या भागात मोटारी अशा किती असणार! काळी मोटार होती चिंचवडच्या एका खडीच्या कंत्राटदाराची. मोठं प्रस्थ. आम्ही गेलो तेव्हा मोटार अंगणात उभी होती, आरशासारखी लखलखीत. पुढचा दिवा फुटलेला. कंत्राटदार हसून म्हणाला, "दगड उडाला हो खाणीवर. आणि मोटार धुणं हा गुन्हा कधीपासून झाला?"

साहेब फुटका दिवा निरखू लागले. मी आपली वाकले आणि मडगार्डच्या आतून बोट फिरवलं. बोटाला चिकट, ओशट काहीतरी लागलं. वास घेतला तर आंबूस. आता गार पाण्यानं रक्त निघून जातं, पण दुधाचा ओशटपणा जाईल का? साईचं पातेलं थंडीत गार पाण्यानं घासून बघा, म्हणजे कळेल. मी बोट साहेबांच्या नाकापुढं धरलं. कंत्राटदाराचं हसू मावळलं. त्यानं बाजूला उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हरकडं नुसतं पाहिलं, आणि तो बिचारा पुढं आला.

"मीच हुतो साहेब. मीच धडकवली, मीच धुतली."

झालं. कबुली मिळाली, ड्रायव्हर लॉकअपमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. काखेत तान्हं पोर, हातात नवऱ्यासाठी गोधडी.

"बाई, त्यो त्या राती खोलीतच हुता वो. लेकराचा घसा भरलाता. ह्यो बसला हुता त्याला छातीशी धरून. मालकांनी गाडी सोता नेली हुती, बाईसायबांच्या माह्येराला, चाकणच्या पल्याड खेडाकडं."

"मग हा कबूल का झाला?"

"मालकाचं मीठ खाल्लंय म्हनतो. आता त्यो गेला आत, तर आमी काय मीठच खायाचं का?"

ठाणे अंमलदार म्हणाला, "बायको दुसरं काय सांगणार?" तेही खरंच. पण मी लॉकअपशी गेले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "हात दाखव." हात ग्रीसनं काळे, रेघांतसुद्धा काळं मुरलेलं. पण कातडी साबूत. त्या गारठ्यात नदीच्या पाण्यात एवढी मोटार धुणाऱ्याचे हात असे राहत नाहीत. साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बंगल्यावरच्या बाईसाहेबांचा जबाब राहिलाच आहे. तुम्हीच जा."

कंत्राटदार खाणीवर गेला होता. बाईंनी मला बसवलं. सोज्ज्वळ चेहरा, बोलणं मऊ. "चहा टाकायला सांगते," म्हणाल्या. हात मात्र पदराखाली. घरात आमसुलाच्या तेलाचा वास, हातापायांच्या भेगांना लावतात त्या. ज्या घरात भांड्याला बाई, धुण्याला बाई, तिथं मालकिणीचे हात उलतातच कसे?

आणखी एक खटकलं. आपल्याकडं दारात वैरी आला तरी आधी तांब्या पुढं करतात, मग विचारपूस. ह्या बाई चहाचं विचारत होत्या, पण पाण्याचं नाव नाही. मी सहजच म्हटलं, "चहा राहू द्या हो. आधी तांब्याभर पाणी द्या."

बाई उठल्या. माठापर्यंत गेल्या आणि तिथंच खाली बसल्या. भेगाळलेले दोन्ही हात कानांवर दाबून धरलेले.

"तोही पाणीच मागत होता हो."

मला आधी उमगलंच नाही. मग त्या बोलत सुटल्या. माहेरून नवऱ्याबरोबर परतताना धडक बसली तेव्हा गवळी जिवंत होता. ह्यांनी मोटार पुलाखाली नदीला उतरवली. रेडिएटरसाठी ठेवलेली बादली बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी हे धू." वर अंधारातून तो हाका मारत होता, "कोण हाय तिथं? वाईच पानी द्या." त्याला बादलीचा आवाज ऐकू येत होता. पाणी भरल्याचा, पाणी ओतल्याचा. म्हणून तर तो उतरावरून सरपटत निघाला होता. "मी बादल्यावर बादल्या ओतत होते, बाई. मोटारीवर. दिवा धुऊन होईतो त्याचा आवाज थांबला."

खून पाहिलेत मी पुढं, विहिरीतून प्रेतं काढलीत. पण त्या दिवशी त्या माठातलं पाणी काही मी प्यायले नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वेळेवर दवाखान्यात आणला असता तर वाचला असता.

ड्रायव्हरला सोडलं तेव्हा तो मलाच म्हणतो, "बाईसायबांना कशापायी तरास दिलात?" बायकोनं गोधडी त्याच्या अंगावर फेकली. म्हणाली, "चल मुकाट. लेकरू वाट बघतंय."

बाईंनी कोर्टात नवऱ्यासमोर सगळं सांगितलं. बोलताना घसा सुकला म्हणून शिपायानं पाण्याचा पेला पुढं ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

लोक म्हणतात, गुन्हेगार ओळखायला डोळ्यांत बघावं. मी डोळ्यांचा भरवसा सोडला तो तेव्हापासून. पुढं सगळ्या नोकरीत, तपासाला कुठंही गेले तरी आधी पाणी मागायची आणि देणाऱ्याचे हात बघायची. आता आमच्या गल्लीत थंडीतही रोज कुणी ना कुणी मोटार धूत असतं. बादलीचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी खिडकीशी जाते आणि रस्त्यावर कुणी हाक मारतंय का, ते ऐकत उभी राहते.