राजेगावच्या पुलापर्यंतचा इंजिनिअर

बालाघाट-गोंदिया बसमध्ये माझ्या शेजारच्या गृहस्थांनी आपलं इंजिनिअरचं लायसन फ्रेम करून मांडीवर उभं धरलं होतं, देवाचा फोटो न्यावा तसं. खड्डा आला की ते आधी काच सांभाळत, मग स्वतःला.

पुढच्या सीटवरच्या म्हातारीने ते पाहून लगेच विचारलं, "साहेब, माह्या झोपाच्या खोलीच्या भिंतीले भेग पडली. बोट जाते आत. भिंत पडन का हो?"

साहेबांनी भेग उभी की आडवी, कधीपासून, सगळं विचारून घेतलं. घसा साफ केला आणि नेमका राजेगावचा पूल संपून महाराष्ट्र लागला. त्यांनी फ्रेम पालथी घातली.

"माफ करा मावशी. लायसन मध्य प्रदेशचं हाये. इकडं मले सल्ला देता येत नाही."

"अवो, भिंत तं तिकडंच हाये ना!"

"भिंत तिकडं हाये, पन मी इकडं हावो."

कायद्याचा एवढा धाक मी वकिलांनाही वाटलेला पाहिला नाही. म्हातारी हिरमुसून पुढे वळली. साहेब बराच वेळ फ्रेमच्या पाठीवर बोटं वाजवत राहिले. शेवटी पुढे वाकून हळूच म्हणाले, "इंजिनिअर म्हनून नाही सांगत. पन मी तुमचा पोरगा असतो, तं तुमाले त्या खोलीत एक रातही झोपू देलं नसतं."

म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पोराले लायसन लागत नाही ना?"

"नाही."

"मंग उद्या टेकू लावाले ये."