राबात भाजलेला कोयता

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत तांब्याची तार काढणारा एक कारखाना आहे. तिथली प्रयोगशाळा मी सांभाळतो. तारेचा तुकडा घासायचा, आम्लात बुडवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली आतले कण बघायचे आणि काहीतरी कळल्यासारखा चेहरा करायचा. चेहरा जमायला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

माझे काका टोकावड्याच्या बाजूला भात लावतात. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात, त्याला राब भाजणं म्हणतात. गेल्या वर्षी काकांनी ऐनाच्या फांद्या तोडल्या, रचल्या, पेटवल्या आणि कोयता आतच विसरले. दुसऱ्या दिवशी तो राखेत सापडला. जळालेल्या मुठीच्या जागी नवी बसवून पहिला घाव घातला, तर धार मुडपली.

काकांचा त्या कोयत्यावर फार जीव. दुसरा कुठलाही हातात घेतला की त्यांचा खांदा भरून यायचा, आणि पावसाआधीचं सगळं जळण अजून तोडायचं होतं. मी तज्ज्ञ म्हणून बोललो.

"काका, पोलाद तापून सावकाश निवलं की आतली रचना सैल होते. आम्ही तांब्याची तार मुद्दाम अशीच भाजतो. ओढून ओढून तिच्या कणांची चेंगराचेंगरी झालेली असते, विजेला धड वाट मिळत नाही. भाजली की कण नव्याने बसतात, वीज सुरळीत जाते. तार मऊ पडते, पण आम्हाला मऊच हवी असते. तुमच्या कोयत्यातूनही आता वीज आधीपेक्षा बरी जाईल."

काका कोयत्याकडे बघत राहिले. "मंग गोठ्यात बल्ब लावू याला?"

"लावा," काकी चुलीजवळून म्हणाली, "अन् फांद्या दातांनी तोडा."

मी कोयता कारखान्यात नेला. भट्टीत लालभडक केला, पाण्यात बुडवला आणि कठीणपणा मोजला. आकडा इतका मोठा आला की मी तो दोनदा वाचला. मग रीतसर प्रमाणपत्र तयार केलं. त्यावर तपासणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची अशा दोन सह्या लागतात. दोन्ही माझ्याच होत्या.

कोयता आणि प्रमाणपत्र मी काकांच्या ओट्यावर, तीन शेजाऱ्यांच्या साक्षीने सुपूर्द केलं. चार शब्दही बोललो. काकांनी ओंडक्यावर घाव घातला. टण्‌ असा आवाज झाला आणि टोकाचा दोन बोटांएवढा तुकडा कोंबड्यांमध्ये जाऊन पडला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पाण्यात बुडवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून ते पुन्हा थोडं शेकावं लागतं. या प्रश्नाला मला परीक्षेत पूर्ण गुण होते.

काकांनी तुकडा उचलला आणि आम्ही लोहाराकडे गेलो. प्रमाणपत्र मी पुढे केलं, ते त्याने ऐरणीखाली सरकवलं. तुटलेली कड उन्हात धरून तो म्हणाला, "दाणा भरड झालाय. लय तापवलंय. अन् पाणी दिल्यावर शेकलं नाय."

एवढं बघायला मला सूक्ष्मदर्शक आणि अर्धा दिवस लागतो.

"कोणी केलं?"

"पुतण्यानं," काका म्हणाले. "शिकलेला हाय."

"तरीच."

त्याने टोक ठोकून नवं काढलं, बेताचं तापवून पाणी दिलं, दगडाने धार उजळली आणि कोयता पुन्हा निखाऱ्यांजवळ धरला. तापत्या पोलादावर चढलेला गवती पिवळा रंग पाठीकडून सरकत धारेला पोचताच परत पाण्यात. माझ्या पुस्तकात याला चार पानं आहेत.

कोयता दोन बोटं आखूड झाला. घरी येऊन काकांनी फांदीवर घाव घातला, तो फांदीच्या अलीकडून हवेतच गेला. दुसराही तसाच. ते अर्धं पाऊल पुढे सरकले. तिसऱ्या घावाला फांदी खाली आली. त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला, खांदा एकदा गोल फिरवून पाहिला आणि पुढची फांदी धरली.

"बघतोस काय रे?" ते म्हणाले. "पडलेल्या वढ बाजूला."