काकांची सरळ वायर

नागपुरातली सगळ्यात सरळ रेघ कुठे आहे असं कोणी विचारलं, तर मी आमच्या घरमालक काकांच्या बैठकीच्या दाराकडे बोट दाखवीन. तिथे चौकटीला धरून एक पांढरी वायर चढते, वर वळते आणि कवायतीत असल्यासारखी पुढे जाते. मी नववीत शाळा सोडलेली. काटकोन म्हणजे काय ते मला त्या दारानं शिकवलं.

सावंतवाडीहून इतक्या लांब, सीताबर्डीत साड्यांच्या फॉल-पिकोच्या कामाला आले तेव्हा एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. काकांनी वरची दिली. चौकशी एकच केली, "भिंतीत खिळे ठोकत नाही न?" "नाही." "मंग राह्य." तेव्हापासून ही खोली जाईल या धास्तीतच मी राहते. नळ हळू सोडते, पाहुणे बोलावत नाही, चार्जरची वायरसुद्धा लोंबू देत नाही.

भिंतीच्या पोटातून वायर नेणं काकांना मुळीच मान्य नाही. "लपवाची कायले? चोरीची हाये का?" वायर दिसली पाहिजे, पण नीट दिसली पाहिजे. त्यासाठी ते दोऱ्याला कपड्यांची नीळ चोळून भिंतीवर सरळ खूण उमटवतात, वितीवितीवर क्लिप ठोकतात आणि लांब जाऊन एक डोळा मिटून बघतात. चौकटीशी बोटभर जागा सोडतात, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दार वायरला चावतं. वायरला वळण नको म्हणून त्यांनी एकदा टीव्हीच दुसऱ्या भिंतीला नेला. काकू तेव्हापासून मान वाकडी करून मालिका बघतात. "बाप्पा, वायर सरळ झाली न, माही मान गेली उडत!" काका हातोडी चालवत राहतात. तोंडात क्लिपा असतात. एका साखरपुड्यात तर त्यांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगं चांगलं हाये, पण घरातल्या वायरी पाहून घ्या."

गेल्या महिन्यात मी दोन दिवस तापानं पडून होते. खाली कोणाला पत्ता नव्हता. काकू कपडे वाळत घालायला वर आल्या तेव्हा कळलं. त्यानंतरच्या रविवारी भाजी घेऊन आले, तर काका माझ्या दारात स्टुलावर चढून चौकटीवरच्या क्लिपा उपटत होते. मी भाजीची पिशवी खाली ठेवली. "काका, काय झालं?" "अंहं," एवढंच ते म्हणाले. आजारी भाडेकरू कोणाला हवा असतो? मी आत जाऊन बॅग काढली आणि कपडे भरायला लागले. कुठे जायचं ते सुचत नव्हतं, पण 'जा' असं त्यांना सांगावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं.

काकू चहा घेऊन आल्या. "काहून वं, कुठं चालली?"

"काका खोली रिकामी करून घेतायत ना?"

काकांनी तोंडातल्या क्लिपा हातावर काढल्या. "रिकामी? अवं, तुही घंटी लावून राहिलो. बटन तुह्या उशीपाशी, घंटी आमच्या बैठकीत. जुनी अन् नवी, दोन्ही वायरी एका रेषेत बसाले पाहिजे न, म्हणून जुन्या क्लिपा काढल्या."

"मंग सांगाचं नाही तिले?" काकू कडाडल्या.

"तोंडात क्लिपा होत्या."

मला रडू फुटलं. काका गडबडले. "रडाचं असंन तर तिकडं रड वं, इथं नीळ पुसून जाईन." काकूंनी माझ्या हातातला कुडता घेतला आणि परत दोरीवर टाकला.

आईला फोनवर हे सांगितलं. तिनं विचारलं, "आवाज कसो आसा गो घंटीचो?" बटण मी अजून दाबलेलंच नाही. एकदा नुसतं ऐकायला दाबावं असं फार वाटतं. पण जिना उभा आहे, काकांचे गुडघे दुखतात, आणि घंटी वाजली की ते चपला न घालता धावत वर येतील.