वांगे करपले तो दिवस

पुलगावात बाबांचा फोटो स्टुडिओ होता. प्रिंट वाळली की ते मागे पेन्सिलीनं लिहायचे: कोणाचा, कुठला, कधीचा, आणि बटण कोणी दाबलं. मी घाई केली की ओरडायचे, "मागं लिवलं नाई तो फोटो बेवारस!"

मग मी डिजिटल कॅमेरा आणला. तारीख-वेळ हा स्वतःच नोंदवतो, असं ऐटीत सांगितलं. बाबा म्हणाले, "अन् काढला कोणं?" तेवढं मात्र तो नोंदवत नव्हता. आणि तारखेचं आम्हीच वाटोळं केलं. लोडशेडिंगचे दिवस; सेल पुरवून वापरायचे म्हणून काम झालं की काढून ठेवायचो. सेल काढले की घड्याळ पुसलं जायचं. पुन्हा टाकले की एक जानेवारी, रात्रीचे बारा. आमच्याकडची सगळी लग्नं, बारशी एक जानेवारीचीच! तारीख लाव म्हणून बाबा कानीकपाळी ओरडले. मी कंटाळा केला.

बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "साऱ्या पुलगावचे फोटो काढले त्याईनं, माहा एकच काढला. तो मले पायजे."

कॉम्प्युटरवर दोन निघाले. तीच खुर्ची, तीच हिरवी साडी, आईचा तोच गंभीर चेहरा. एक मी नवा कॅमेरा तपासायला काढलेला, दुसरा बाबांनी. कोणता कोणाचा? आईला मोतीबिंदू, कोणताही दिला तरी तिनं उराशी धरला असता. म्हणूनच मला ते जमेना.

शेवटी दोन्हींची माहिती उघडली. तारीख अर्थातच एक जानेवारी. पण वेळ एकाची बारा वाजून एक मिनिट, दुसऱ्याची बारा एकेचाळीस. सेल टाकल्या टाकल्या काढलेला तो माझा. माझ्यात दम कुठला!

आईला विचारलं, "बाबांनी तुले लय वेळ बसवलं होतं काय वं?"

"थे इचारूच नको. खुर्ची इकडं घे, पदर नीट कर, सावली सरकू दे. गॅसवरचे वांगे करपून कोळसा झाले, पण मले उठू देल्लं नाई."

तोच फोटो छापून आणला. मागे पेन्सिलीनं लिहिलं: आईचा, पुलगाव, बटण बाबांनी दाबलं. तारीख ठाऊक नव्हती, म्हणून लिहिलं, वांगे करपले तो दिवस. आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ फोटोवरून हात फिरवत राहिली.

"मंगळवार होता, बाबू," ती म्हणाली. "थेही लिव."