कुलपाचा दिवस

माधवगंजात एका सरदारांची बाग सर्वांना खुली होती. घरी जागा नसल्याने बी.ए.चा अभ्यास मी तिथेच करत असे. बाग खासगीच राहावी म्हणून वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप लागे.

संस्थान विलीन झाल्यावर नवा नियम आला: वर्षभर उघडी राहील ती बाग लोकांची. सरदारांना तर ती विकायची होती.

कुलपाच्या दिवशी मी धास्तावतच गेलो. म्हातारा दरवान घामाघूम होऊन सारखा हवेलीकडे पाहत होता.

"काका, आज बंद ना?"

"कुलूपच मिळेना, भैया. नोकरी जाणार माझी. तू वाचत बैस."

त्याच्या बंडीचा खिसा कुलपाच्या ओझ्याने लोंबत होता.

पास झाल्यावर पेढे घेऊन गेलो. फाटक उघडं होतं, पण दरवान दुसराच होता. पहिल्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.